घराला अपघाताने आग लागली तर: विम्याचा दावा आणि इतरांच्या नुकसानीची जबाबदारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आग विझल्यावर घरमालकापुढे दोन हिशेब उभे राहतात. आपले जे जळाले त्याची भरपाई कोणाकडून मिळवायची, हा पहिला. आपल्या घरातल्या आगीने वरच्या, खालच्या, शेजारच्या घरांचे जे नुकसान झाले ते कोणी भरायचे, हा दुसरा. कायद्याच्या नजरेत हे दोन्ही पूर्ण वेगळे आहेत. पहिल्यात तुमचा निष्काळजीपणा सहसा आड येत नाही, दुसऱ्यात सगळे त्यावरच ठरते. ही सरमिसळ झाली की लोक हक्काचा दावा सोडून देतात किंवा नको ते लिहून देतात. खालची उत्तरे भारतातल्या राहत्या घरांसाठी आहेत. महाराष्ट्रापुरता नियम असेल तिथे तसे म्हटले आहे.

आग विझली. पहिल्या दोन दिवसांत नेमके काय करायचे?

अग्निशमन दल आत जाऊ देईपर्यंत घरात पाऊल टाकू नका. छताचे प्लॅस्टर तापून सुटलेले असते आणि ते नंतरही कोसळते. मीटरपाशी वीजपुरवठा बंद असल्याची आणि सिलिंडर बाहेर काढल्याची खात्री करून घ्या. आग तुम्हीच विझवली असेल तरी १०१ किंवा ११२ वर कळवून ठेवा. दलाच्या नोंदवहीत आगीची वेळच नसेल तर पुढे अहवाल कशाच्या आधारे मिळणार?

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. पॉलिसी क्रमांक, पत्ता, आगीची तारीख-वेळ आणि नुकसानीचा ढोबळ अंदाज एवढे चार ओळींचे ईमेल टाका आणि क्लेम क्रमांक लिहून घ्या. पॉलिसीच जळाली असेल तर हप्ता ज्या खात्यातून गेला त्याच्या बँक विवरणावरून कंपनी सापडते आणि नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावरून पॉलिसी क्रमांक मिळतो. कारण माहीत नसेल तर "कारण तपासाधीन" असेच लिहा. अंदाजाने लिहिलेले "शॉर्ट सर्किट" पुढे पंचनाम्यात, अहवालात आणि सर्व्हेअरच्या (नुकसान मोजायला विमा कंपनी नेमते त्या तज्ज्ञाच्या) कागदात फिरत राहते आणि नंतर खरे कारण वेगळे निघाले तर विसंगती म्हणून तुमच्याच अंगावर येते.

पोलीस ठाण्यात नोंद करून पंचनामा मागा. सही करण्यापूर्वी तो शब्दन् शब्द वाचा. जळालेल्या वस्तूंची यादी अपुरी असेल तर "यादी अंतिम नाही, पुढे पूरक यादी देऊ" हे वाक्य त्यात घालून घ्या.

मग फोटो काढा. प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून, नंतर छताचे, मग एकेक वस्तूचे. फ्रिज, टीव्ही, एसी यांच्या मागची मॉडेल आणि अनुक्रमांकाची पट्टी अर्धवट जळालेली असली तरी तिचा जवळून फोटो घ्या. बिल नसताना त्या वस्तूचा सर्वांत भक्कम पुरावा तोच असतो.

सफाई कधी सुरू करावी? घरभर काजळी आणि पाणी आहे.

सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत काहीही टाकू नका. पण नुकसान वाढू न देणे हेही विमेदाराचे कर्तव्य आहे, म्हणून पाणी काढणे, फुटलेल्या खिडक्यांवर ताडपत्री बांधणे, दाराला कुलूप लावणे आणि वाचलेले सामान हलवणे लगेच करा. त्याआधी फोटो घ्या आणि खर्चाच्या पावत्या ठेवा. कंपनीला "अमुक काम तातडीने करत आहोत" असा एक संदेश पाठवला की पुढे वाद राहत नाही.

सफाईत हमखास फेकल्या जातात त्या गोष्टी म्हणजे विजेचा बोर्ड, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच), वायरचे तुकडे, गॅसची नळी, रेग्युलेटर आणि जळालेला चार्जर. नेमक्या याच गोष्टी आगीचे कारण सांगतात. विजेच्या ठिणगीने वितळलेल्या तांब्याच्या तारेच्या टोकाला गोल, चकचकीत मणी धरतो. नुसत्या आगीच्या धगीने वितळलेली तार लांबवर ओघळलेली, वेडीवाकडी दिसते. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, ॲल्युमिनियम ६६० ला. त्यामुळे ॲल्युमिनियमचे भांडे वितळले पण शेजारची तांब्याची तार शाबूत, एवढ्यावरूनही त्या जागी उष्णता किती होती याचा अंदाज येतो. कोणता एमसीबी पडला होता, कोणता चालू राहिला, याचा फोटो बोर्डाला हात लावण्याआधी घ्या. मग हे तुकडे खोलीचे नाव लिहिलेल्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

जी विजेची उपकरणे जळाली नाहीत पण काजळीने माखली, ती चालू करून पाहू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलाव्यात त्याचे आम्ल होते आणि ते सर्किटचे धातू खात राहते. आज चाललेला टीव्ही तीन आठवड्यांनी बंद पडतो आणि तोवर यादी देऊन झालेली असते. अशा वस्तू "धूर व पाणी लागलेल्या" या शीर्षकाखाली यादीत आजच घाला. आगीमुळे लागलेला धूर आणि ती विझवताना मारलेले पाणी यांनी झालेले नुकसान हे आगीचेच नुकसान धरले जाते.

गॅसवर पातेले विसरलो आणि आग लागली. चूक आमची, मग दावा फेटाळतील का?

केवळ त्या कारणाने फेटाळता येत नाही. आगीचा विमा माणसाच्या विसराळूपणापासूनही संरक्षण देतो. माणसे कधीच चुकली नसती तर बहुतेक घरांना या विम्याची गरजच पडली नसती. पॉलिसीत वगळलेले असते ते हेतुपुरस्सर केलेले कृत्य, म्हणजे विमेदाराने स्वतः किंवा त्याच्या संगनमताने लावलेली आग. सर्वोच्च न्यायालयाने मुदित रोडवेज प्रकरणात (२०२३) पुन्हा स्पष्ट केले की विमेदाराने आग लावलेली नसेल तर आगीचे नेमके कारण काय, हा मुद्दा दावा नाकारायला पुरेसा ठरत नाही.

चूक लपवण्यासाठी खोटे सांगितले तर मात्र दावा खरोखर जातो. "घरात कोणी नव्हते" असे सांगायचे आणि शेजाऱ्यांच्या जबाबात वेगळे निघायचे, किंवा जुन्या सोफ्याचे नवे बिल जोडायचे. फसवणूक सिद्ध झाली तर तेवढी वस्तू वगळून भागत नाही, संपूर्ण दावा बुडतो. विसरलो असाल तर विसरलो असेच सांगा.

"शॉर्ट सर्किट वगळले आहे" असे एजंट म्हणतो. खरे काय?

अर्धे खरे. भारत गृह रक्षा या घराच्या प्रमाणित आग विमा पॉलिसीतला अपवाद असा आहे: जास्त दाब, शॉर्ट सर्किट, आतल्या आत तापणे किंवा विजेची गळती यामुळे एखादे यंत्र, उपकरण किंवा फिटिंग बिघडले तर त्या विशिष्ट यंत्राची भरपाई नाही. त्यातून आग पसरून पडदे, कपाट, भिंती, दुसरा टीव्ही जळाला तर त्या सगळ्याची भरपाई आहे. एसीत शॉर्ट सर्किट होऊन खोली जळाली, तर यादीतून फक्त तो एसी वजा होतो. दावा नाकारणाऱ्या पत्रात हा अपवाद संपूर्ण नुकसानीला लावलेला दिसला तर त्याच कलमातले "फक्त त्या यंत्रापुरते" हे शब्द दाखवून उत्तर द्या.

आमच्या पॉलिसीत नेमके काय काय मिळते?

१ एप्रिल २०२१ पासून घराच्या आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिची कलमे सगळीकडे सारखीच आहेत, त्यामुळे आधी आपली पॉलिसी तीच आहे का ते पाहा.

इमारतीची विमा रक्कम चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर अशी काढतात. जमिनीची किंमत त्यात नसते. ८० लाखांना घेतलेल्या घराची विमा रक्कम १५ लाख पाहून लोक दचकतात, पण जळते ते बांधकाम, जमीन नाही. उदाहरणार्थ चटई क्षेत्र ६० चौरस मीटर आणि दर चौरस मीटरला २५,००० रुपये धरला तर रक्कम १५ लाख. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढे संरक्षण यादी न देता आपोआप मिळते. आपल्या उदाहरणात ते ३ लाख. सामान त्याहून जास्त किमतीचे असेल तर पॉलिसी घेतानाच यादी देऊन रक्कम वाढवायची असते, आग लागल्यावर ते जमत नाही. अनेक वर्षांच्या पॉलिसीत विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते.

शिवाय राडारोडा हलवण्यासाठी दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता, सर्व्हेअर यांच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. हे दोन मथळे क्लेम फॉर्मवर भरायचे राहून जातात. आगीनंतर ७ दिवसांत, त्या आगीमुळेच घर उघडे पडून झालेली चोरीही यात येते. बुडालेले भाडे आणि राहण्याजोगे घर होईपर्यंत दुसरीकडे भरलेले भाडे यांचीही तरतूद आहे, मात्र त्याची मुदत आणि मर्यादा आपल्या पॉलिसीच्या परिशिष्टात वाचा.

कमी रकमेचा विमा होता. भरपाई कापतात का?

भारत गृह रक्षेत कमी विमा रकमेवरून होणारी प्रमाणशीर कपात माफ आहे. विमा रकमेच्या मर्यादेपर्यंत जितके नुकसान, तितकी भरपाई. जुन्या धाटणीच्या किंवा व्यापारी आग विमा पॉलिसीत तसे नाही. तिथे २० लाखांच्या मालमत्तेचा विमा १० लाखांचा असेल आणि नुकसान ४ लाखांचे झाले तर २ लाखच हाती येतात. सोसायटीने इमारतीची पॉलिसी कोणत्या धाटणीची घेतली आहे हे म्हणूनच पाहावे.

दागिने आणि रोख रक्कम?

रोख रक्कम, धनादेश, रोखे, सोन्याची बिस्किटे, न जडवलेले हिरे-माणके आणि वाहने घराच्या पॉलिसीत येत नाहीत. दागिने आणि कलावस्तू "मौल्यवान वस्तू" हा वेगळा पर्याय घेतला असेल तरच. त्यात एकूण ५ लाखांपर्यंत आणि एका वस्तूला १ लाखापर्यंत मूल्यांकनाच्या दाखल्याची गरज नसते. जळालेली दुचाकी किंवा मोटार तिच्या स्वतःच्या सर्वसमावेशक मोटार विम्यात मागायची.

पण विमा नसला तरी राख चाळा. शुद्ध सोने सुमारे १०६४ अंशांना वितळते आणि वितळले तरी सोने नाहीसे होत नाही. लाकडी कपाटाच्या तळाशी ते गोळा होऊन काळ्या गोटीसारखे दिसते आणि सहज कचऱ्यात जाते. जळून ठिसूळ झालेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात द्याव्या लागतात. गठ्ठा सुटा करू नका. आहे त्या अवस्थेत डब्यात कापूस घालून न्या, कारण नोटेचा किती भाग शिल्लक आहे यावरच निर्णय होतो.

कोणती कागदपत्रे लागतात आणि जळालेली कुठून मिळवायची?

भरलेला क्लेम फॉर्म, अग्निशमन दलाचा अहवाल, पोलिसांची नोंद किंवा पंचनामा, मालकीचा पुरावा, फोटो, सामानाची किंमत लिहिलेली यादी, दुरुस्तीची अंदाजपत्रके आणि बँक तपशील. नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत फॉर्म द्यायचा असतो. अहवाल अजून आला नाही म्हणून थांबू नका. अहवालासाठी अर्ज केल्याची पोच जोडा आणि बाकी कागद मागाहून द्या.

खरेदीखत जळाले तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत आणि सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा उतारा) मिळते. बिले नाहीत ही सर्रास अडचण. ऑनलाइन खरेदीचा इतिहास, कार्डाचे विवरण, वॉरंटी नोंदणी, मासिक हप्त्यांचा करार, दुकानाकडच्या वस्तू व सेवा कर बिलाची दुसरी प्रत यांतून बरेच काही उभे राहते. घरगुती समारंभाच्या जुन्या फोटोंत मागे कपाट, टीव्ही, पंखे दिसतात. ते फोटो यादीला जोडा. यादीत वस्तू, कंपनी, खरेदीचे वर्ष, तेव्हाची किंमत, आजची किंमत आणि पुरावा असे सहा रकाने ठेवा. "स्वयंपाकघरातील सामान, १ लाख" अशी एक ओळ लिहिली की सर्व्हेअर स्वतःच्या अंदाजाने आकडा घालतो.

सर्व्हेअर येतो तेव्हा काय होते, आणि किती दिवस लागायला हवेत?

सर्व्हेअर परवानाधारक असतो. कंपनी त्याला नेमते, पण त्याने तटस्थ मोजमाप करायचे असते. विमा नियामक आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. कंपनीकडून उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दरापेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज मागता येते. पत्रव्यवहारात हे आकडे लिहिले की उत्तराचा सूर बदलतो.

त्याच्या भेटीत घरातले एक जाणते माणूस सतत सोबत राहू द्या. तो भिंती मोजतो तेव्हा तुम्हीही मोजून लिहून घ्या. कळीचे प्रश्न तीन असतात: दुरुस्ती की बदल, झीज किती, आणि भंगाराची किंमत किती. भारत गृह रक्षेत सामान नव्याने घेण्याच्या खर्चावर विमा असतो. तरीही सवयीने वयानुसार झीज कापलेली दिसली तर आपल्या पॉलिसीतले "बदलण्याचा खर्च" हे कलम दाखवा. भंगार ठेवायचे की देऊन टाकायचे हे आधी ठरवा, कारण ठेवलेत तर त्याची किंमत वजा होते.

काँक्रीटकडे स्वतः लक्ष द्या. साधारण ३०० अंशांपुढे तापलेल्या काँक्रीटवर अनेकदा गुलाबी-तांबूस छटा येते. छताला ती दिसली, तुकडे उडाले असतील किंवा सळ्या उघड्या पडल्या असतील तर रंगकामाच्या अंदाजपत्रकावर समाधान मानू नका. संरचना अभियंत्याकडून हातोडी चाचणी आणि ध्वनिलहरींची चाचणी करून लेखी मत घ्या. हेच नुकसान सर्वांत महाग आणि नजरेतून सर्वांत सहज निसटणारे. प्लॅस्टर मारून झाल्यावर ते कोणालाच दाखवता येत नाही.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. तो अहवाल शेवटचा शब्द नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार (२००९) या निकालात म्हटले आहे.

घरावर कर्ज आहे. पैसे कोणाला मिळतात?

पॉलिसीवर बँकेचे नाव असेल तर इमारतीची भरपाई आधी बँकेकडे जाते. बँकेला लेखी विनंती करून ती रक्कम कर्जात वळती न करता दुरुस्तीसाठी सोडायला सांगता येते. टप्प्याटप्प्याने, बिले पाहून बँका तसे करतात. हप्ते मात्र चालूच राहतात. कर्जाबरोबर घेतलेला "विमा" नेमका कोणता हे आजच पाहा. बऱ्याच ठिकाणी तो कर्जदाराच्या मृत्यूवर कर्ज फेडणारा जीवन विमा असतो आणि घराला आग लागल्यास त्याचा उपयोग नसतो.

सोसायटीचा विमा असताना स्वतःचा का?

सोसायटीची पॉलिसी इमारतीच्या सांगाड्याची असते. तुमचे फर्निचर, बदललेल्या फरश्या, बसवलेले स्वयंपाकघर तिच्यात सहसा नसते. दोन्ही पॉलिसींत इमारत असेल तर दोघांनाही कळवा. भरपाई दोन्हीकडून मिळून एकदाच होते, पण एकीकडे वगळलेले दुसरीकडे मिळू शकते.

आमच्या आगीने वरच्या फ्लॅटचे नुकसान झाले. भरावे लागेल का?

इथून दुसरा हिशेब सुरू होतो. आग तुमच्या घरात लागली एवढ्यावर तुम्ही आपोआप देणेकरी होत नाही. साधारण शहाण्या माणसाने घेतली असती ती काळजी तुम्ही घेतली नाही आणि त्यामुळेच नुकसान झाले, हे शेजाऱ्याला दाखवावे लागते. वॉरंटीतल्या फ्रिजने अचानक पेट घेतला तर तुमचा दोष दाखवणे कठीण. पण बोर्डातून ठिणग्या उडतात हे माहीत असून महिनोन् महिने दुरुस्ती केली नाही, एकाच पॉइंटवर गिझर आणि इस्त्री लावली, घरात पेट्रोलचे कॅन साठवले, तर निष्काळजीपणा उघड आहे. वायरमनचे जुने बिल, सोसायटीने दिलेली नोटीस, व्हॉट्सॲपवरचे संदेश, सगळे पुराव्यात येते. मालमत्तेच्या नुकसानीचा दिवाणी दावा लावायला साधारण ३ वर्षांची मुदत असते.

भारत गृह रक्षेच्या मूळ पॉलिसीत ही देणेदारी येत नाही. तिला वेगळे "सार्वजनिक दायित्व" संरक्षण लागते. ते घराच्या पॅकेज पॉलिसीत किंवा जोडसंरक्षण म्हणून मिळते. ते असेल तर शेजाऱ्याचे पहिले पत्र मिळताच कंपनीला पाठवा आणि तिच्या संमतीशिवाय रक्कम कबूल करू नका. कबूल केलीत तर संरक्षणच नाकारले जाऊ शकते.

संरक्षण नसले तर सर्वांत व्यवहार्य मार्ग असा: शेजाऱ्याचा स्वतःचा विमा असेल तर त्याने आधी तिथे दावा करावा. आग कोणाच्या घरात लागली याने त्याच्या भरपाईला फरक पडत नाही. मात्र त्याची कंपनी पैसे दिल्यानंतर त्याच्या जागी उभी राहून तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. म्हणून आपसांत मिटवताना तो विमा दावा करणार आहे का हे विचारा, आणि कंपनीने पैसे दिले असतील तर तिला सामील करून घेतल्याशिवाय रक्कम देऊ नका. नाहीतर एकाच नुकसानीचे दोनदा द्याल. शेजाऱ्याच्या बाजूनेही हाच नियम: कंपनीला न विचारता "आमची काही मागणी नाही" असे लिहून दिले तर त्याचाच दावा अडचणीत येतो.

रक्कम देताना कागद साधा पण पूर्ण असावा. आगीची तारीख, नुकसानीची यादी, रक्कम, "जबाबदारी मान्य न करता, सलोख्यासाठी" हे शब्द, आणि या आगीबाबत आणखी मागणी नाही असे विधान. सगळ्या सहमालकांच्या सह्या घ्या. भाडेकरू राहत असेल तर त्याच्या सामानाचा कागद वेगळा करा. आणि कायदेशीर सावधगिरी म्हणजे अबोला नव्हे. विचारपूस करा, राहायला जागा द्या, सफाईला हात लावा. माणुसकीने केलेली मदत म्हणजे चुकीची कबुली होत नाही. फक्त "चूक आमचीच" असे घाईत लिहून देऊ नका.

आग पसरायला इमारतीतल्या बंद हायड्रंटने (आग विझवायच्या पाण्याच्या नळाने) किंवा अडवलेल्या जिन्याने हातभार लावला असेल तर तोही मुद्दा नोंदवा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू आहे तिथे यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. त्या प्रती सोसायटीकडे मागा.

फौजदारी गुन्हा दाखल होतो का?

निव्वळ अपघातात नाही. आगीबाबत बेदरकार किंवा निष्काळजी वर्तनाने इतरांच्या जीविताला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कोणाचा मृत्यू झाला तर कलम १०६ लागू शकते आणि तिथे कैद ५ वर्षांपर्यंत आहे. अशा वेळी जबाब देण्याआधी वकील गाठा. गुन्ह्याची नोंद झाली म्हणून तुमचा स्वतःचा विमा दावा आपोआप थांबत नाही.

भाड्याचे घर जळाले. मालक म्हणतो सगळे भरा.

आधी करार वाचा. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ लागते: आगीत घर मोठ्या प्रमाणात नष्ट झाले किंवा कायमचे निरुपयोगी झाले तर भाडेकरू भाडेपट्टा संपवू शकतो, पण आग त्याच्याच कसुराने लागली असेल तर नाही. महाराष्ट्रात बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्सवर असतात. तो भाडेपट्टा नव्हे, त्यामुळे तिथे कराराच्या अटी आणि निष्काळजीपणाचे सर्वसाधारण तत्त्व पाहिले जाते. जुनी वायरिंग भिंतीत असेल तर तिची जबाबदारी मालकाकडे झुकते, तुम्ही लावलेल्या हीटरची तुमच्याकडे. वायरिंगची तक्रार फोनवर न करता लेखी करावी ती यासाठीच. मालकाचा विमा तुमच्या सामानाला लागत नाही. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा स्वतंत्र घेता येतो.

गॅस गळतीने आग लागली तर कंपनीकडून काही मिळते का?

मिळते, आणि त्यासाठी ग्राहकाने वेगळा हप्ता भरलेला नसतो. सरकारी तेल कंपन्यांनी स्वयंपाकाच्या गॅसच्या अपघातांसाठी सार्वजनिक दायित्व विमा घेतलेला असतो: मृत्यूसाठी प्रत्येकी ६ लाख रुपये, उपचारासाठी प्रत्येक घटनेला ३० लाख आणि त्यात माणशी जास्तीत जास्त २ लाख, नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीला प्रत्येक घटनेला जास्तीत जास्त २ लाख. आगीचे मूळ कारण गॅस असले पाहिजे. वितरकाला लगेच लेखी कळवून पोच घ्या. पुढे विमा कंपनीला कळवणे त्याचे काम. गळतीची आपत्कालीन सूचना १९०६ वर द्यायची असते.

दावा अडतो तो पत्त्यावर. जोडणी जुन्या घराच्या पत्त्यावर आणि अपघात नव्या घरात, असे झाले तर मालमत्तेची भरपाई धोक्यात येते. घर बदलल्यावर पत्ता त्याच आठवड्यात बदलून घ्या. नळी आणि रेग्युलेटर मानक चिन्हाचे असावेत आणि नळी ५ वर्षांत बदललेली असावी.

दोष वीज कंपनीचा किंवा उपकरणाचा असेल तर?

पुरवठ्याची न्यूट्रल तार तुटून अनेक घरांत एकदम विजेचा दाब वाढला असेल तर शेजाऱ्यांच्या जळालेल्या उपकरणांची नोंद त्याच दिवशी करा, कारण दोष बाहेरून आला हे त्यावरून दिसते. वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि विद्युत निरीक्षकाकडे तपासणीसाठी अर्ज करा. उपकरण सदोष असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधल्या उत्पादन दायित्वाखाली उत्पादक आणि विक्रेता दोघांकडे मागणी करता येते. जळालेले उपकरण "तपासणीसाठी" सहज देऊन टाकू नका. द्यावेच लागले तर फोटो, अनुक्रमांक आणि लेखी पोच घेऊन द्या. ते परत आले नाही तर दावाच संपतो.

रक्कम कमी मंजूर झाली किंवा दावा नाकारला. पुढे?

कमी रकमेच्या पावतीवर "पूर्ण व अंतिम" असे छापलेले असेल तर सहीपूर्वी "हक्क राखून, हरकतीसह स्वीकारत आहे" असे हाताने लिहा आणि त्याच दिवशी ईमेलही करा. नकाराचे कारण कलमाच्या क्रमांकासह लेखी मागा.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. तिथे ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मागता येते, शुल्क नाही, वकील लागत नाही. तक्रार नकारापासून एक वर्षाच्या आत द्यावी लागते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. न पटल्यास ग्राहक आयोग खुला राहतो आणि त्याची मुदत २ वर्षे आहे. आयोगाचा स्तर भरलेल्या हप्त्यावरून ठरतो, त्यामुळे घराच्या विम्याची जवळपास सगळी प्रकरणे जिल्हा आयोगातच चालतात.

उशिरा कळवले एवढ्यावरून दावा नाकारला असेल तर खचू नका. खऱ्या दाव्यांना केवळ उशिराच्या कारणाने नाकारू नये, असे नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना सांगितले आहे. उशिराचे कारण मात्र पुराव्यासह द्या, जसे रुग्णालयाचे कागद.

विमाच नव्हता. काही मार्ग आहे का?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या आपत्तींच्या यादीत आग आहे. घराची पडझड किंवा जीवितहानी झाली असेल तर तहसील कार्यालयात अर्ज करा. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा लागतो, आणि तो जागा साफ होण्याआधी व्हायला हवा. ग्राम किंवा शहर पातळीवरील अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवून पोच ठेवा. गॅस, वीज किंवा उपकरणाचा दोष असेल तर वर सांगितलेले मार्ग विमा नसतानाही खुले असतात. त्यासाठीही लागतात त्या त्याच जपून ठेवलेल्या वायरी, तीच नळी आणि अग्निशमन दलाचा तोच अहवाल.